शब्द गेले, चाल राहिली

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची तालुक्याची गावं दोन. एक चांदूर बाजार आणि दुसरं चांदूर रेल्वे. मुंबई–नागपूर लोहमार्गावर बडनेरा सोडलं की धामणगावच्या अलीकडे हे दुसरं चांदूर लागतं. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी नागपूरला पोचली आणि वऱ्हाडातल्या कापसाला मुंबईची थेट वाट मिळाली. स्टेशनामुळे या चांदुराच्या नावापुढे ‘रेल्वे’ लागलं ते कायमचंच. इथे गाडी सुटताना काय ऐकू येतं? इंजिनाचा भोंगा, उद्घोषणा, चहावाल्याची हाक.

टोकियोतल्या ताकादानोबाबा स्टेशनात गाडीचे दरवाजे लागण्याआधी काही सेकंदांची एक धून वाजते. शब्द नाहीत, गाणारा आवाज नाही. तरी फलाटावरच्या जपानी माणसाला ते गाणं कोणतं हे सांगावं लागत नाही. ओसामू तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या कार्टून मालिकेचं ते शीर्षकगीत आहे. बाहेरच्या जगात ही मालिका ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखली जाते. तेझुकांच्या गोष्टीत आतोमु हा यंत्रमानव मुलगा ७ एप्रिल २००३ रोजी ताकादानोबाबा इथल्या विज्ञान मंत्रालयात जन्मतो. तेझुकांच्या कंपनीचं कार्यालयही याच वस्तीत. म्हणून खऱ्या दिनदर्शिकेत २००३ साल उजाडलं तेव्हा रेल्वेनं त्याच्या मालिकेची चाल फलाटावर आणली. एका कल्पित पोराच्या वाढदिवसाची दखल रेल्वेनं घ्यावी, ही गोष्टच मोठी गोड आहे.

जपानी रेल्वेत ही रीत जुनी नाही. १९८९ च्या मार्चमध्ये टोकियोच्या शिंजुकु आणि शिबुया या दोन अफाट गर्दीच्या स्टेशनांत कर्कश घंटा काढून तिच्या जागी छोट्या सुरावटी बसवल्या गेल्या. लोकांची धावपळ कमी व्हावी, कानाला त्रास होऊ नये, हा हेतू. पुढे स्टेशनागणिक सुरावटी वेगळ्या झाल्या आणि त्यात कार्टूनची गाणी शिरली. डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांचं संग्रहालय २०११ साली कावासाकी शहरात उघडलं. तिथे जायला नोबोरितो स्टेशनावर उतरतात, आणि तिथल्या फलाटावर डोरेमॉनची चाल वाजते.

जपानी कार्टून मालिकेला ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात हे आता चांदूर रेल्वेतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मालिका सुरू होताना लागणारं गाणं त्याला तोंडपाठ असतं. तीच चाल शब्द गाळून, वाद्यांवर उतरवून, लय बदलून प्रसंगामागे कशी वाजते, याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. जाऊ नये अशीच ती रचलेली असते. पार्श्वसंगीत ऐकू आलं पाहिजे आणि लक्षात येता कामा नये. पण मालिका मनात घर करते त्यात या बिनशब्दाच्या चालीचा वाटा शीर्षकगीताहून कमी नसतो. उलट वर्षं उलटत जातात तसा तो वाढतोच.

आतोमुची गोष्ट या बाबतीत उलट्या टोकानं सुरू झाली. १ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर मालिका सुरू झाली तेव्हा तिच्या शीर्षकाला शब्दच नव्हते. तात्सुओ ताकाई यांची नुसती वाद्यांची धून होती. शब्द नंतर आले, आणि ते लिहिले शुंतारो तानिकावा यांनी. जपानी आधुनिक कवितेतलं हे फार मोठं नाव. ताकादानोबाबाच्या फलाटावर आज बिनशब्दाची चाल वाजते, ती एका अर्थी आपल्या मूळ रूपालाच परत गेली आहे.

आता शीर्षकगीताची चाल बिनशब्दाची करून प्रसंगामागे बसवण्याचं हे काम होतं कसं ते पाहू.

चित्रपटाचं पार्श्वसंगीत प्रसंग पाहून, सेकंद मोजून रचतात. आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्या टीव्ही मालिकेला ती चैन परवडत नाही. म्हणून जपानमध्ये वेगळी पद्धत पडली. मालिका सुरू होण्याआधी ध्वनिदिग्दर्शक संगीतकाराला एक यादी देतो: आनंदाचे तुकडे इतके, भीतीचे इतके, लढाईचे, विनोदाचे, संध्याकाळच्या उदासीचे, आईची आठवण येते तेव्हाचे. संगीतकार ते सगळे तुकडे रचतो आणि वादकांना बोलावून एकगठ्ठा ध्वनिमुद्रित करून ठेवतो. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. मग प्रत्येक भागाच्या वेळी या साठ्यातून योग्य तुकडा उचलून प्रसंगामागे बसवला जातो. त्या यादीत शीर्षकगीताच्या चालीवरचे तुकडेही मागितलेले असतात: एक संथ, एक विजयाचा, एक हसरा. शिवाय जाहिरातीच्या आधी आणि नंतर चार-पाच सेकंदांची एक सुरावट वाजते. ‘पुढच्या भागात पाहा’ म्हणताना मागे काहीतरी लागतं. तिथेही बऱ्याचदा शीर्षकगीताचाच एखादा टवका कामाला येतो.

मूळ गाण्याला टीव्हीवर साधारण ९० सेकंदं मिळतात. तेवढ्यात तोंडओळख, मुखडा, चढत जाणारं कडवं आणि धमाका एवढं सगळं उरकायचं. त्यामुळे चाल घट्ट बांधलेली असते, पहिल्या चार-पाच स्वरांतच ओळख पटावी अशी. वाद्यसंयोजकाला हीच गोष्ट उपयोगाची. पूर्ण चाल घ्यायची गरजच नाही, पहिले पाच स्वर पुरतात.

हा प्रयोग घरच्या पेटीवरही करून पाहता येतो. घरोघरी म्हटली जाणारी गणपतीच्या आरतीची चाल घ्या. झांज आणि टाळ्यांच्या गजरात ती कशी लागते ते सगळ्यांना माहीत आहे. आता टाळ्या थांबवा. ठेका काढून टाका. लय निम्म्यावर आणा आणि फक्त पहिली ओळ एका बोटानं, थांबत थांबत वाजवा. समोर बसलेल्या माणसाच्या मनात शब्द आपोआप उमटतील. पण आता त्या शब्दांत गजर राहणार नाही. ज्याच्या घरचा गणपती यंदा बसला नाही, त्याला ती ओळ ऐकवणार नाही. चाल तीच, स्वर तेच, आणि मनात उभं राहतं ते सगळं निराळं.

संयोजक याच्याही पुढे जातो. आनंदी चालीतला शुद्ध गंधार काढून कोमल लावला की तीच ओळ काळजीत पडते. शेवटचा स्वर षड्जावर न आणता निषादावर अडकवून ठेवला की ऐकणाऱ्याला वाटतं, अजून काहीतरी व्हायचं आहे. संकटाच्या प्रसंगात हेच हवं असतं. तुतारीसारख्या पितळी वाद्यावर वाजवली की विजय, ओबोवर किंवा बासरीवर वाजवली की एकटेपण, बोटांनी तार छेडत वाजवली की चोरपावलांची गंमत. आणि संवाद चालू असतील तर वाद्यं विरळ करायची, कारण माणसाचा बोलण्याचा आवाज आणि मधल्या पट्टीतली वाद्यं एकमेकांना झाकतात. गाणाऱ्याचा आवाज तर तिथे चालतच नाही. दोन माणसं बोलत असताना तिसरा गाऊ लागला तर कोणाचंच काही कळत नाही. शब्द गळतात ते या साध्या गरजेपोटी.

या कामाचा आजवरचा सर्वात मोठा नमुना म्हणजे ‘वन पीस’. रबरासारखं शरीर ताणणाऱ्या लुफी नावाच्या पोराची आणि त्याच्या समुद्री साथीदारांची ही मालिका २० ऑक्टोबर १९९९ रोजी जपानी टीव्हीवर सुरू झाली आणि हजार भाग ओलांडून पुढे गेली. तिचं पहिलं शीर्षकगीत ‘वुई आर!’ हिरोशी कितादानी यांनी गायलं, आणि चाल कोहेई तानाका यांची. महत्त्वाची गोष्ट अशी की मालिकेचं पार्श्वसंगीतही तानाका यांनीच शिरो हामागुची यांच्यासोबत केलं. गाणं आणि पार्श्वसंगीत एकाच माणसाच्या हाती आलं की चाल घरच्यासारखी वावरते. ‘वुई आर!’ची चाल मोठ्या वाद्यवृंदात जहाज किनारा सोडताना येते, सोबती परत भेटताना हळू आवाजात येते, आणि लुफी उठून उभा राहतो तेव्हा पितळी वाद्यांतून गर्जत येते.

पुढे मालिकेची शीर्षकगीतं बदलत गेली. गायक बदलले, ढंग बदलला. पहिलं गाणं सुरुवातीच्या जागेवरून उतरलं, पण त्याची चाल पार्श्वसंगीतात राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये हजारावा भाग आला तेव्हा ‘वुई आर!’ पुन्हा शीर्षकाला आणलं गेलं. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस नेटफ्लिक्सनं खऱ्या माणसांना घेऊन ही कथा मालिकेत आणली, तेव्हा संगीतकार सोन्या बेलोउसोवा आणि जिओना ओस्तिनेल्ली यांनी आपल्या नव्या पार्श्वसंगीतात त्या जुन्या चालीचे स्वर पेरले. त्या क्षणी जगभरच्या लोकांना भरून आलं ते शब्दांमुळे नाही. शब्द तर तिथे नव्हतेच.

श्युन्सुके किकुची यांचंही नाव घ्यायला हवं. १९७९ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या डोरेमॉनचं शीर्षकगीत त्यांचं आणि पार्श्वसंगीतही त्यांचंच. २००५ पर्यंत, म्हणजे पंचवीसेक वर्षं, त्या निळ्या बोक्याच्या मागे किकुचींचे स्वर वाजत राहिले. ‘ड्रॅगन बॉल’ आणि ‘ड्रॅगन बॉल झी’चं पार्श्वसंगीतही त्यांचंच होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ८९ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या संगीतावर वाढलेल्या कोट्यवधी मुलांपैकी बहुतेकांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

पोकेमॉनचा प्रकार थोडा वेगळा. १ एप्रिल १९९७ रोजी सुरू झालेल्या त्या मालिकेचं पहिलं शीर्षकगीत हिरोकाझु तानाका यांनी चालीत बांधलं होतं, पार्श्वसंगीत मात्र शिंजी मियाझाकी यांच्याकडे. दुसऱ्याची चाल आपल्या वाद्यवृंदात घेताना मियाझाकींनी ती राखून ठेवली, निर्णायक लढतीसाठी. पिकाचू हरत आलेला असतो आणि तेवढ्यात त्या चालीचे पहिले स्वर उमटतात. पाहणाऱ्या मुलाला डोळ्यांआधी कानांनी कळतं, की आता पारडं फिरणार.

अलीकडे असं कमी घडतं. १९८० च्या दशकापासून ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय गायकांची गाणी अ‍ॅनिमेच्या शीर्षकाला जोडायला सुरुवात केली. गाणं एका कंपनीचं, पार्श्वसंगीत दुसऱ्या माणसाचं, हक्क तिसऱ्याकडे. दर तीन-सहा महिन्यांनी गाणं बदलतं. अशा वेळी संगीतकार शीर्षकगीताला हात न लावता आपली स्वतंत्र मुख्य धून रचणं पसंत करतो. ‘अटॅक ऑन टायटन’चं पहिलं शीर्षकगीत रेवो यांच्या लिंक्ड होरायझनचं आणि पार्श्वसंगीत हिरोयुकी सावानो यांचं. दोन्ही दमदार, पण त्यांचे रस्ते वेगळे. व्यवहाराला हे सोयीचं आहे. मालिकेचं मात्र यात काहीतरी जातंच. गाणं आणि गोष्ट यांच्यातला तो बिनशब्दाचा धागा तुटतो.

भारतात हा धागा आणखी एका ठिकाणी तुटला, आणि त्याची कथा मराठी घरांना जवळची आहे.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागायची. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीनं १९८९ साली बनवलेले ते ५२ भाग. ती मालिका जपानी आहे हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. किपलिंगनं ज्या सिवनीच्या डोंगरात मोगलीला वाढवलं, ते जंगल पेंचचं, आणि पेंचचा काही भाग आपल्या नागपूर जिल्ह्यात. चांदूर रेल्वेच्या पोराला तर जंगल म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं मेळघाट. शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. आणि शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलेलं, विशाल भारद्वाज यांनी चाल दिलेलं, अमोल सहदेव या मुलानं गायलेलं. ते गाणं इतकं आपलं झालं की २०१६ साली डिस्नेचा ‘द जंगल बुक’ भारतात आला तेव्हा त्याच्या प्रसिद्धीसाठी तेच गाणं गुलजार आणि विशाल यांच्याकडून पुन्हा करून घेतलं गेलं.

पण परदेशी मालिका डब होते तेव्हा काय होतं ते लक्षात घ्यायला हवं. सहसा संवादांची पट्टी वेगळी आणि संगीत व आवाजांची पट्टी वेगळी मिळते. संवाद नव्या भाषेत भरतात, संगीताची पट्टी तशीच ठेवतात. आता शीर्षकगीत जर नवं केलं, तर आत वाजणारं पार्श्वसंगीत पोरकं होतं. ते ज्या गाण्याची आठवण करून द्यायला रचलेलं असतं, ते गाणं इथल्या प्रेक्षकानं कधी ऐकलेलंच नसतं. आणि त्याला जे गाणं पाठ आहे, त्याची चाल पूर्ण भागात एकदाही येत नाही. अमेरिकेनं पोकेमॉनच्या बाबतीत याहून मोठी कात्री लावली. शीर्षकगीत नवं केलंच, पार्श्वसंगीतही बरंचसं बदलून टाकलं. भारतात पोकेमॉन आधी आलं ते याच अमेरिकन आवृत्तीच्या वाटेनं. मियाझाकींनी निर्णायक लढतीसाठी राखून ठेवलेली ती चाल इथल्या मुलांपर्यंत पोचलीच नाही.

२००५ पासून हंगामा वाहिनीवर डोरेमॉन हिंदीत बोलू लागला. तेव्हा सात वर्षांचं असलेलं मूल आता तिशीकडे झुकलं आहे. त्यानं पुढे मोबाइलवर मूळ जपानी आवाजात मालिका पाहिल्या, मूळ गाणी शोधून काढली, आणि ज्या सुरावटी लहानपणी नुसत्याच मागे वाजत होत्या त्यांचं मूळ त्याला तेव्हा सापडलं. त्यातलेच काही आज गिटारवर, की-बोर्डवर या चाली वाजवून चित्रफिती टाकतात. शीर्षकगीताचा बिनशब्दाचा अवतार आता स्टुडिओपुरता राहिलेला नाही.

वऱ्हाडाला ही गोष्ट परकी वाटण्याचं खरं तर काहीच कारण नाही. गाण्यातून शब्द काढून चाल वाद्यावर चढवण्याची कला या मुलखात दर लग्नसराईत रस्त्यावर उभी असते. बँडमध्ये क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट गायकाची जागा घेतो, युफोनियम खालची बाजू धरतो, साईड ड्रम आणि झांज ठेका देतात, आणि खुळखुळेवाला पुढे नाचतो. नवरदेवाची वरात निघताना एक लय, मांडवाशी पोचताना दुसरी, आणि पाठवणीच्या वेळी तेच क्लॅरिनेट असं काही वाजतं की कोपऱ्यात उभ्या असलेल्या काकांनाही रुमाल काढावा लागतो. कोणतं गाणं कुठे, किती संथ, किती उंच हे मास्तर ठरवतो. जपानी ध्वनिदिग्दर्शक यादीतून तुकडा उचलतो, मास्तर समोरच्या माणसांचे चेहरे पाहून उचलतो. काम एकच. संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडांवर २००५ साली ‘ब्रास बाजा’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. विदर्भात आता बँडच्या जोडीला संदल आणि धुमाल आहेत. की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड ढोलांच्या गडगडाटात मिसळतात. आवाज प्रचंड, पण चाल ओळखू आलीच पाहिजे, नाहीतर पोरं नाचत नाहीत.

आणि या सगळ्यात जपान आधीपासूनच आहे. महाराष्ट्रात गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो, टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायचं ते वाद्य, मुळात जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ हे वाद्य तयार केलं. बटणांची कल्पना त्यांना टाइपरायटरवरून सुचली. ते वाद्य भारतात आलं आणि बुलबुल तरंग झालं. पुढे त्याला विजेची जोड मिळाली आणि मुंबई-कोकणापासून सगळीकडे तो बेंजो म्हणून गाजू लागला. दिग्दर्शक रवी जाधव यांनी २०१६ साली रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला तो याच वाद्याच्या कलाकारांवर. जपानी मालिकेची चाल उद्या एखाद्या पोरानं बेंजोवर वाजवली, तर ती जपानी वाद्यावरच वाजलेली असेल.

देवाणघेवाण एकाच दिशेनं झाली असंही नाही. चांदूर रेल्वेच्या शेजारच्या तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी आहे. तिथले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते. ज्यांची खंजिरी वऱ्हाडानं घराघरात ऐकली, ते भजनकार सत्तर वर्षांपूर्वी त्या देशात पोचले होते. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युगो साको यांनी राम मोहन यांच्यासोबत रामायणावर अ‍ॅनिमे चित्रपट केला, तेव्हा त्याचं संगीत मुंबईच्या वनराज भाटियांनी दिलं. तो चित्रपट नव्या रूपात भारतीय चित्रपटगृहांत लागला २४ जानेवारी २०२५ रोजी.

मराठीत चालीला शब्दांवाचून उभं करणारे मोठे लोक होऊन गेले. प्रभाकर जोग त्यात पहिले. सुधीर फडक्यांचे साहाय्यक म्हणून ते ‘गीतरामायणा’त होते. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गाजलेल्या त्या ५६ गीतांचं वादन-संयोजन ज्यांनी जवळून सांभाळलं त्यांच्यापैकी ते एक. नंतर ‘गाणारं व्हायोलिन’ या त्यांच्या कार्यक्रमांनी आणि ध्वनिफितींनी मराठी गाणी शब्दांशिवाय घरोघर नेली. लोक ऐकताना मनातल्या मनात शब्द म्हणत, आणि जोगांचा गज शब्दांच्या ऱ्हस्व-दीर्घासकट उच्चार काढी. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी ते गेले. अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल ही जोडी मराठी श्रोत्यांना ‘अष्टविनायक’ या १९७९ च्या चित्रपटाची संगीतकार म्हणून माहीत आहे. पण दोघांचा मूळ पिंड वाद्यसंयोजकाचा, आणि हिंदी चित्रपटांच्या अनेक गाण्यांमागे त्यांचे हात होते.

गोव्यानं तर या कामासाठी माणसांची फळीच दिली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, अशी किती नावं. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले हे वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले. संगीतकाराच्या तोंडच्या चालीला त्यांनी पन्नास-साठ वाद्यांत मांडलं आणि पार्श्वसंगीतात तीच चाल फिरवून फिरवून आणली. गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटातल्या एका गाण्यात गुरूचं नाव अजरामर केलं. पण ते गाणं ऐकून नाचणाऱ्या कितीजणांना ठाऊक आहे, की अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस होता आणि तो व्हायोलिन शिकवायचा?

इथेच या विषयातलं दुखणं आहे. चाल बांधणाऱ्याचं नाव राहतं, गाणाऱ्याचं तर राहतंच. ती चाल वाद्यांत मांडून प्रसंगामागे पोचवणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत सरकून जातं, किंवा जातही नाही.

कायदा या कामाला किती गंभीरपणे घेतो हे पाहण्यासारखं आहे. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यात संगीतकृतीच्या ‘रूपांतरा’ची व्याख्या करताना वाद्यसंयोजन आणि स्वरलेखन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे दुसऱ्याच्या चालीची बिनशब्दाची आवृत्ती काढून विकायची किंवा इंटरनेटवर टाकायची तर मूळ हक्कदाराची परवानगी लागते. शब्द वापरले नाहीत म्हणून चाल फुकट होत नाही. लग्नाच्या बँडला मात्र याच कायद्यानं मोकळीक दिली आहे. कलम ५२ (१) (झेडए) नुसार धार्मिक समारंभात संगीत वाजवणं हा हक्कभंग ठरत नाही, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नातले इतर सामाजिक सोहळेही येतात. तरीही पैसे मागितले जातात अशा तक्रारी आल्या, तेव्हा केंद्र सरकारच्या संबंधित विभागानं २४ जुलै २०२३ रोजी नोटीस काढून ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. तेव्हा वरातीत डोरेमॉनची चाल वाजवायची कोणाला हौस असेल, तर बँडमास्तरांनी बिनधास्त वाजवावी.

पण एक काम कायद्यानं होणारं नाही, ते आपणच करायचं आहे. चांदूर रेल्वे, धामणगाव, तिवसा, बडनेरा या भागातल्या बँडमास्तरांनी एकेका गाण्याची चाल कानानं उचलून आपल्या माणसांना शिकवली. कोणत्या गाण्याला कोणतं वाद्य पुढे आणायचं, कडव्यानंतर कुठे थांबायचं, पाठवणीला काय वाजवायचं, हे त्यांचं स्वतःचं संयोजन होतं. ज्या घरांत अशा मास्तरांच्या वह्या, जुन्या कॅसेट, लग्नाच्या ध्वनिचित्रफिती असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठानं किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या संगीत विभागानं विद्यार्थ्यांना हे काम द्यावं: मास्तरांना भेटा, वाजवायला सांगा, ध्वनिमुद्रण करा, आणि प्रत्येक मुद्रणाखाली वाजवणाऱ्याचं आणि बसवणाऱ्याचं नाव लिहा. किकुची आणि मियाझाकी यांच्या तुकड्यांच्या ध्वनिमुद्रिका जपानमध्ये निघाल्या आहेत. वऱ्हाडातल्या मास्तरांच्या अजून निघायच्या आहेत, आणि जुन्या वादकांचे हात चालताहेत तोवरच ते करून घ्यायला हवं.